व्हील आर्चचं ड्रेसिंग: कोकणातून आलेल्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

गौरी-गणपतीचं विसर्जन करून बुधवारी गुहागरहून पुण्याला परतलो. जाताना उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. येतानाही तोच रस्ता. मधले आठ दिवस गाडी वाडीच्या तोंडाशी चिखलात उभी होती आणि रोज कोणाला ना कोणाला घेऊन बाजारात जात होती. परवा कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरमधून धुऊन आणली. आज सकाळी टायरची हवा तपासायला पाट घेऊन पुढच्या डाव्या चाकाशी बसलो आणि सहज मान वाकडी करून चाकाच्या वरच्या कमानीत, म्हणजे व्हील आर्चमध्ये, पाहिलं. बाहेरून लग्नाला निघालेली गाडी, आतून चिखलणीतून बाहेर आलेली.

लायनरवर, म्हणजे कमानीच्या आतल्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तरावर, बोटभर जाडीचा लाल थर होता आणि त्यावर काहीतरी ओलसर चमकत होतं. बोट लावून वास घेतला. डिझेल. धुऊन झाल्यावर त्यांनी "खालून स्प्रे मारू का?" असं विचारलं होतं, मी फोनवर होतो, हो म्हणून गेलो.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ट्रकच्या पाट्यांना (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना) पावसाळ्यात डिझेल नाहीतर जळकं ऑइल मारत आले आहेत. पाट्यांची करकर थांबते, गंज थोडा लांब राहतो, आणि पोलादाच्या पाट्याला त्याने काही होत नाही. पण कारच्या कमानीत नुसतं पोलाद नसतं. सस्पेन्शनचे बुश, अॅक्सलचे बूट (सांध्यावरची रबरी टोपणं), ब्रेकचे होज असं बरंच रबर तिथे उघड्यावर असतं. नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेलात फुगतं आणि मऊ पडतं, ब्रेकच्या होजवर वापरतात ते ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबरही तसंच. शिवाय तेलकट पृष्ठभागावर धूळ बसते ती पाण्याने निघत नाही. म्हणजे आमच्या गाडीत खाली माती, वर तेल, आणि आता त्यावर पुण्याची धूळ.

बाबा शेजारी उभे होते. आमची आधीची गाडी त्यांनी अकरा वर्षं वापरली. तिच्या पुढच्या मडगार्डला दाराजवळ, खालच्या कोपऱ्यात, रंगाला एक फुगा आला होता. बाबांनी त्यावर अंगठा दाबला तर अंगठा आरपार आत गेला होता. मी तेव्हा शाळेत होतो, पण त्या पत्र्याचा बिस्किटासारखा कुरकुरीत आवाज अजून कानात आहे. आज ते एवढंच म्हणाले, "वरून काळं करू नकोस. आधी आत बघ."

तर प्रकल्प ठरला: चारही कमानी पूर्ण साफ करायच्या, आत काय चाललंय ते पाहायचं, काही बिघडलं असेल ते दुरुस्त करायचं आणि मग शेवटी ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक काळंभोर दिसावं म्हणून लावतात तो पातळ थर. दसऱ्याच्या आत.

१३ सप्टेंबर, शनिवार

पुढची डावी बाजू. सकाळी सातला सुरुवात, दीडला संपलं. ड्रेसिंगची बाटली अजून उघडलेलीही नाही.

चाक काढायचं ठरवलं. चाक न काढताही हे काम होतं, स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढून-मागून हात घालता येतो, आणि दर महिन्याच्या धुण्याला तेवढं पुरतं. पण वर्षातून एकदा तरी चाक उतरवावं असं माझं मत झालंय, कारण स्प्रिंगच्या मागचा भाग एरवी दिसतच नाही. जॅकवर भरवसा ठेवून कमानीत डोकं घालायचं नाही, गाडी घोडीवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) बसवायची. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीत पुढचं एक चाक हवेत असताना गिअर टाकून ठेवला तरी गाडी धरली जात नाही, कारण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) हवेतलं चाक मोकळं फिरतं. तिथे मागच्या चाकांचा हँडब्रेकच कामाचा. मागचं चाक उचललं की मात्र गिअरही धरतो. मी दोन्ही लावतो आणि जमिनीवरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा.

 आमच्या गाडीत लायनर सात क्लिपांनी आणि दोन स्क्रूंनी धरलेला आहे. क्लिपच्या मधलं बटण पेचकसाने उचलायचं, मग क्लिप अख्खी बाहेर येते. मातीने भरलेली क्लिप मात्र उचलली जात नाही, तुटते. दोन तुटल्या. आधी पाणी मारून, जुन्या दातांच्या ब्रशने बटणाभोवतीची माती काढली असती तर वाचल्या असत्या. उरलेल्या पाच तशाच काढल्या, सगळ्या शाबूत निघाल्या.

लायनरची मागची कड खाली ओढली आणि मातीचा एक अख्खा ठोकळा जमिनीवर पडला.

हा ठोकळा मी बराच वेळ हातात धरून बसलो. तो आला ती जागा म्हणजे पुढच्या मडगार्डचा खालचा-मागचा कोपरा, दाराच्या अगदी अलीकडचा. लायनर आणि पत्रा यांच्यात तिथे एक खिसा तयार होतो. चाकाने उडवलेलं गढूळ पाणी वरच्या फटीतून आत उतरतं, पाणी खालच्या भोकातून निघून जातं, माती राहते. राहता राहता भोकही बुजतं. ठोकळा दोन तुकडे करून पाहिला तर आत थर होते. राखाडी-काळा, मग लाल, पुन्हा काळा, पुन्हा लाल. लाल म्हणजे कोकणातला जांभा, काळा म्हणजे इकडची घाटावरची. लाल पट्टे चार मोजले. ही गाडी आमच्याकडे आल्यापासूनच्या चार गणपतींच्या फेऱ्या तिथे घडी घालून ठेवल्यासारख्या होत्या. एका पट्ट्यात सुरूच्या काड्या, म्हणजे त्या वर्षी आम्ही किनाऱ्याशेजारच्या सुरूच्या बनात गाडी लावली होती. एकात भाताचा कोंडा. बाहेरून ठोकळा वाळून कडक झालेला, पण आतला गाभा बोटाला गार आणि ओलसर लागत होता. गुहागरहून येऊन दहा दिवस झाले होते.

गाडी सडते ती इथे. उघड्या पत्र्यावर पडलेलं पाणी वाऱ्याने वाळतं, या खिशातलं वाळत नाही. त्यात किनाऱ्यावरचं मीठ मिसळलं की काम आणखी वाईट, कारण मीठ उडून जात नाही, उलट हवेतला ओलावा ओढून धरतं. धुताना कितीही पाणी मारलं तरी ते लायनरवरून घरंगळून जातं, मागे पोचतच नाही.

वाळवून वजन केलं: १ किलो ६५० ग्रॅम. एका कमानीत.

खिसा रिकामा झाल्यावर बाबांनी हात आत घातला, पत्र्यावर अंगठा दाबला, सरकवत सरकवत खालच्या शिवणीपर्यंत नेला. "टणक आहे," म्हणाले. मग टॉर्च लावून मीही पाहिलं. कारखान्याचा रंग डागाळलाय, पण शाबूत आहे. तारेने निचऱ्याचं भोक मोकळं केलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते खालून धार लागून बाहेर आलं.

१४ सप्टेंबर, रविवार

उरलेल्या तिन्ही कमानी. पुढची उजवी कालच्यासारखीच, १ किलो ४०० ग्रॅम, पत्रा ठीक.

मागच्या दोन्ही वेगळ्या. आमच्या गाडीला मागे लायनर नाही, पत्र्यावरच दाणेदार रबरी लेप दिलेला आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा फवारा. चाकाने उडवलेली खडी वर्षानुवर्षं तिथे थेट बसते. उजव्या बाजूला, कमानीच्या कडेला पत्रा आत दुमडलेला असतो त्या दुमडीत, रुपयाच्या नाण्याएवढा गंज सापडला. पेचकसाच्या टोकाने टोचून पाहिलं. खपली निघाली, खाली पत्रा शाबूत लागला. वेळेवर सापडला.

त्याचा फोटो काढून ठेवला. पुढच्या वर्षी याच जागी पाहायचं.

१५ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. क्लिपा घेतल्या, दोन हव्या होत्या, सहा घेतल्या. गंजाचा फोटो दाखवला. तिथे रंगकाम करणारे जे आहेत त्यांचा पहिला प्रश्न हा होता:

"साहेब, आत ड्रेसिंग-बिसिंग मारलंय का?"

नाही म्हणालो.

"मग बरं झालं. सिलिकॉन पत्र्याला लागलं की रंग त्याच्यावर धरत नाही. माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आधी गंजाचं काम उरका, रंग वाळू द्या, मग काय चोपडायचं ते चोपडा."

हे मला ठाऊक नव्हतं, आणि क्रम उलटा झाला असता तर महागात पडलं असतं. बहुतेक ड्रेसिंगमध्ये सिलिकॉन तेल असतंच. कमानीत रंगाचं, सीलरचं (सांधे बुजवायचं) किंवा अंडरकोटिंगचं (पत्र्याला खालून जाड संरक्षक लेप द्यायचं) कुठलंही काम बाकी असेल तर ते आधी.

२० सप्टेंबर, शनिवार

गंजाचं काम घरीच केलं. तारेच्या ब्रशने खपल्या, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. चांगल्या रंगाची कडा दोन बोटं आतपर्यंत घासून घेतली, म्हणजे प्रायमर निव्वळ लोखंडावर अर्धवट टेकून राहत नाही. दुमडीच्या आत पेपर पोचत नाही, तिथे टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने भरलं. ते गंजावर बसलं की तांबडा गंज काळा पडतो, कारण लोखंडाच्या ऑक्साइडचं टॅनेट होतं. डोळ्यांसमोर रंग बदलताना दिसतो. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वाळू दिलं, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. दुमडीत सीलर. त्यावर अंडरकोट सोमवारी.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी घरी सर्वपित्रीची गडबड, त्यामुळे हात घातला तो चार वाजता. वेळ कमी होता आणि पुढच्या दोन्ही कमानी तशा साफ दिसत होत्या, म्हणून वाटलं की निदान तिथे ड्रेसिंग मारून टाकू. चुकलं.

मी पाण्यातलं ड्रेसिंग घेतलंय, दुधासारखं पांढरं दिसतं ते. सिलिकॉन तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात मिसळलेले असतात, पाणी उडून गेलं की तेलाचा पातळ थर मागे राहतो. दुसरा प्रकार पारदर्शक आणि तेलकट असतो, पेट्रोलियम द्रावकातला. तो जास्त चकाकतो, पावसात थोडा जास्त टिकतोही, पण हाताला चिकट राहतो, धूळ ओढतो आणि रबराच्या बाबतीत मला डिझेलचीच आठवण करून देतो. म्हणून तो नको असं आधीच ठरवलं होतं.

फवारलं, पंधरा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसलं. फडकं तांबडं आलं. लायनर जागोजागी काळा आणि मध्ये मध्ये विटकरी ढगांसारखे डाग. ड्रेसिंगने उरलेली बारीक माती भिजवली आणि ती तशीच लायनरच्या खरखरीत पोतात बसवून टाकली.

कारण नंतर लक्षात आलं. मी गेल्या रविवारी धुऊन झाल्यावर लायनर ओला असतानाच पाहिला होता, आणि ओलं प्लास्टिक नेहमीच काळं दिसतं. मातीची पातळ साय ओली असताना पारदर्शक होते, वाळली की राखाडी होऊन वर येते. "प्लास्टिक विटलं" असं म्हणून आपण सोडून देतो ते पुष्कळदा विटलेलं नसतंच. कमानीत ऊन तरी कितीसं लागतं! ती सायच असते. यापुढे नियम: धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, पांढऱ्या ओल्या फडक्याने एक पट्टा पुसायचा. फडकं पांढरं राहिलं तरच पुढे जायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. कामावरून आल्यावर मागच्या उजव्या कडेला काळा अंडरकोट, एक हात. दुसरा उद्या.

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. पार्किंगमध्ये छत आहे, काम थांबलं नाही. आज नीट झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढचे दोन्ही लायनर काढूनच घेतले. बाहेर पालथे घालून घासणं आत वाकून घासण्यापेक्षा कितीतरी सोपं. ऑल पर्पज क्लीनर एकाला चार भाग पाणी असं केलं, नुसत्या फवाऱ्यापेक्षा फेस येणाऱ्या बाटलीतून मारलं, म्हणजे ते उभ्या भागावरून लगेच घसरत नाही. दोन-तीन मिनिटं राहू दिलं, वाळू मात्र द्यायचं नाही, वाळलं तर त्याचेच डाग पडतात. हे क्लीनर अल्कधर्मी असतं. अॅल्युमिनियमच्या भागांवर जास्त वेळ राहिलं तर तो धातू पांढुरका पडतो, म्हणून गाडीवरच करायचं झालं तर सस्पेन्शनच्या भागांवर आधी साधं पाणी आणि नंतर पुन्हा भरपूर पाणी.

डिझेलचा थर एका हातात निघाला नाही. पहिल्यांदा फेस चॉकलेटी झाला आणि त्यावर तेलाची इंद्रधनुषी साय. दुसऱ्यांदा भांड्याच्या लिक्विडने घासलं, फेस करडा. तिसऱ्यांदा परत क्लीनर, तेव्हा फेस पांढरा राहिला. ब्रशांमध्ये सगळ्यात कामाचा ठरला तो कमोड धुवायचा नवा गोल ब्रश, वीस-तीस रुपयांचा. त्याची वाकलेली मान कमानीच्या छताला बरोबर बसते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बाटली धुवायचा ब्रश. चिकटलेल्या डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर, फडक्यावर घेऊन, ठिपका ठिपका.

मागच्या कमानींत शेजाऱ्यांकडचा प्रेशर वॉशर वापरला. नळी रबरी बुटांपासून, वायरींपासून आणि नव्या अंडरकोटपासून हातभर लांब धरली. नवा लेप पूर्ण मुरायच्या आत जोराची धार लागली तर कडेने उचलला जाऊ शकतो, म्हणून उजव्या मागच्या कडेला धार लावलीच नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

मग दोन तास पंखा. हो, टेबलफॅन, एक्स्टेन्शन लावून. पावसाळी हवेत लायनरच्या घड्या आपोआप वाळत नाहीत, आणि ओल्या जागी ड्रेसिंग पातळ होऊन ओघळतं. पांढऱ्या फडक्याची परीक्षा चारही ठिकाणी पास.

आता ड्रेसिंग. सगळ्यात आधी ब्रेक झाकले. पुढे डिस्क आणि कॅलिपर यांवर कपड्यांच्या दुकानाची मोठी प्लास्टिकची पिशवी चढवून बुडाशी सुतळी बांधली. मागे ड्रम आहेत, तरीही झाकले. या एका गोष्टीत कंटाळा करायचा नाही. सिलिकॉन डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर ब्रेकची पकड कमी होते, आणि पॅडमध्ये मुरलं तर पुसून निघत नाही, पॅड बदलावे लागतात. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाचंही तेच. चाक काढून काम करण्याचा हा आणखी एक फायदा, टायर तिथे नसतोच.

दोन बाजूंना दोन प्रमाणं ठेवली, फरक कळावा म्हणून. डावीकडे जसंच्या तसं. उजवीकडे निम्मं पाणी घालून.

लायनरवर थेट न फवारता स्पंजच्या तुकड्यावर घेऊन लावलं. फवाऱ्याने उंचवटे भिजतात आणि खाचा कोरड्या राहतात, शिवाय अर्धं हवेत जातं. स्पंज आधी आडवा, मग उभा फिरवला. खरखरीत पोतात पांढरं दूध भरलेलं दिसतं, दोन मिनिटांनी ते पारदर्शक होतं आणि खालून काळं वर येतं. हे बघायला मला फार आवडलं. चार वर्षांत हा रंग मी पाहिलाच नव्हता. गाडी नवी असताना कमानी अशा दिसत असणार, चाकाभोवती शाईसारखा अंधार. गाडीच्या पांढऱ्या रंगाची कड त्यामुळे एकदम रेखीव दिसायला लागली.

पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घेतलं. हे पुसणं महत्त्वाचं. जास्तीचं ड्रेसिंग काळेपणा वाढवत नाही, ते चाक फिरताना दाराच्या खालच्या भागावर उडतं आणि धूळ धरतं. एका कमानीला जसंच्या तसं सुमारे ४० मिलिलिटर लागलं, पाणी घातलेलं तेवढंच, म्हणजे खरं ड्रेसिंग २०.

मागच्या कमानींत थोडा वेगळा विचार केला. तिथे रंगवलेला पत्रा आहे, चकाकी आली तर ओघळ आणि डाग उठून दिसतात. म्हणून एकास तीन पाणी, अगदी पातळ, आणि लगेच पुसलं. उजव्या मागच्या कडेला काहीच लावलं नाही, तिथला लेप महिनाभर तसाच राहू दे. काही गाड्यांत लायनर प्लास्टिकचा नसतो, नमद्यासारख्या कापडी साहित्याचा असतो, आवाज कमी व्हावा म्हणून. त्यावर ड्रेसिंग कधीच नाही. ते शोषलं जातं, चिकट होतं आणि माती घट्ट धरतं. त्याला ब्रश, पाणी आणि वाळवणं इतकंच.

लायनर चढवताना नव्या क्लिपा, चाकाचे नट हाताने बसवून गाडी खाली टेकवल्यावर टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याइतके आवळले, समोरासमोरचे. पिशव्या काढल्या. पार्किंगमध्येच मुंगीच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहिले. व्यवस्थित.

एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवतो. ड्रेसिंगने गंज थांबत नाही. तो पातळ थर आहे, कोटिंग नाही. पत्र्याला वाचवतो तो निचरा, रंग आणि सीलर. ड्रेसिंगचा उपयोग असा की माती प्लास्टिकला घट्ट धरत नाही आणि पुढच्या वेळी काय नवीन आहे ते काळ्यावर लगेच दिसतं.

२८ सप्टेंबर, रविवार

रात्रभर पाऊस. सकाळी मुद्दाम पाणी साचलेल्या रस्त्यांनी चाळीसेक किलोमीटर फिरून आलो. दारांवर तेलकट शिंतोडे नाहीत. कमानीत टॉर्च टाकली, दोन्ही बाजूंना पाण्याचे थेंब गोळा होऊन बसलेले. डावी-उजवी फरक डोळ्याला दिसला तो फक्त चकाकीत. डावी ओल्यासारखी चमकते, उजवी नुसती काळी. मला उजवीच आवडली. बाबांना डावी.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाना, जॅक, घोडी, टॉर्क पाना, सगळं पुसून पाटावर मांडलं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. कमोडचा ब्रश मांडायचा का यावर आईचं ठाम मत होतं, तो गॅलरीतच राहिला. गाडीला उद्या सकाळी हार. दहा मिनिटं कमानींसमोर पाटावर बसून होतो, काही काम नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी पुन्हा गुहागर, भातकापणीसाठी, काल रात्री परत. या वेळी चिखल कमी पण धूळ भरपूर, आणि घाटात एक जोरदार सर लागली. म्हणजे लाल शिंतोडे, चांगले वाळलेले. खरी परीक्षा आज होती.

चाकं काढली नाहीत. स्टिअरिंग वळवून, बागेच्या साध्या नळीने, प्रेशर न लावता. डाव्या कमानीतला लाल थर पाणी लागताच पापडासारखा सुटून खाली आला. उजवीकडे, जिथे निम्मं पाणी घातलं होतं, तिथे चाकाच्या बरोबर मागच्या पट्ट्यात, खडी सगळ्यात जास्त आदळते तिथे, थोडा चिकटून राहिला. ब्रशचे चार हात मारावे लागले. तेव्हा बाबांची डावी बाजू जिंकली, निदान टिकण्यात. पुढच्या वेळी मागच्या पट्ट्यात जसंच्या तसं आणि वरच्या छताला पाणी घालून, असं करून पाहणार.

मागच्या कमानींत एकास तीनचा फारसा मागमूस नाही. साबणाने धुतल्यावर उरलासुरला गेला असावा. तिथे नुसतं नियमित धुणंच पुरे, असं वाटायला लागलंय.

दोन्ही लायनरची फक्त खालची एक-एक क्लिप काढून खिसा पाहिला. डावीकडे चमचाभर माती, कोरडी. उजवीकडे त्याहून थोडी जास्त आणि सुरूची एक काडी. निचऱ्याची भोकं मोकळी. दोन्ही खिशांत तांब्याभर पाणी ओतून निघतंय का पाहिलं, निघालं.

उजव्या मागच्या कडेचा फोटो १४ सप्टेंबरच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. सीलरची रेघ अखंड आहे, लेपावर खडीचा एक पांढरा ठिपका, पत्रा दिसत नाही. तरी त्या ठिपक्यावर अंडरकोटचा एक थेंब उद्या संध्याकाळी टेकवायचा. क्लिपा चार शिल्लक, डॅशबोर्डच्या खणात. वॉशिंग सेंटरवाल्यांना सांगून आलोय, आमच्या गाडीला खालून काही मारायचं नाही.